तारेवर आपलं पाऊल

बेळगाव-निपाणीकडच्या आठवडी बाजारात डोंबाऱ्याचा खेळ पाहिलेल्यांना दोरीवरची पोर आठवत असेल. बांबूच्या कैच्या, खाली ढोलकी, हातात आडवी काठी. त्या दोरीवर आपल्याला कोणी चढवत नसे. सर्कशीतही रिंगण त्यांचं, बाकडी आपली. प्रेक्षकालाच तारेवर उभं करणारी संग्रहालयं फार अलीकडची.

गोलाकार रिंगणाची सुरुवात लंडनची. १७६८ मध्ये फिलिप ॲस्टली धावत्या घोड्यावर उभा राहून कसरती दाखवू लागला. घोडा गोल फिरत असेल आणि स्वार आत झुकला, तर तोल टिकतो. पुढे रिंगणाचा व्यास ४२ फूट ठरून गेला.

आपल्याकडे १८७९ च्या सुमारास चिआरिनीची इटालियन सर्कस मुंबईला आली. तिच्या तोडीचं काही करायचं विष्णुपंत छत्र्यांनी मनावर घेतलं आणि १८८० मध्ये 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी राहिली. छत्रे कुरुंदवाड संस्थानात घोडे तयार करत. कुरुंदवाड म्हणजे सदलगा-चिकोडीच्या माणसाला शेजारचं गाव, आणि देवल सर्कसचं म्हैसाळ तर कागवाडला लागूनच. भारतीय सर्कस आपल्या या कृष्णाकाठच्या पट्ट्यात वाढली, हे इथल्या मुलांना शाळेत सांगायला हवं. छत्र्यांच्या तंबूबरोबर रहिमत खाँसारखा थोर गवई गावोगाव हिंडला, हेही.

पुढे विद्या केरळात गेली. तलश्शेरीच्या कीलेरी कुञ्ञिकण्णन यांनी १९०१ मध्ये सर्कशीची शाळाच काढली. १९९८ च्या केंद्राच्या अधिसूचनेने वाघ, सिंह, अस्वलं, माकडं खेळातून गेली. ते योग्यच झालं. उरली माणसाच्या अंगातली कसरत, आणि ती हाताला लागल्याशिवाय कळत नाही.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या सारासोटा इथे रिंगलिंग सर्कशीचा हिवाळी मुक्काम असे. तिथल्या सर्कस संग्रहालयात आता पाहुण्यांना जमिनीलगतच्या तारेवर चालून बघता येतं, विदूषकाच्या इवल्या गाडीत कोंबून बसता येतं. तारेवर पायाखाली बघितलं की तोल जातो, म्हणून नजर पलीकडच्या टोकावर ठेवायची. हातातली लांब काठी अंगाचं कलणं सावकाश करते, सावरायला वेळ मिळतो. डोंबाऱ्याच्या पोरीच्या हातात ती याचसाठी असे.

ताटली फिरवणं घरीही जमेल. खेळातल्या ताटलीला बुडाशी खोलगट वाटी असते. काठीचं टोक आधी कडेला लावून मनगटाने छोटे गोल फिरवायचे, वेग वाढला की हात थांबवायचा. टोक आपसूक वाटीत येऊन बसतं आणि ताटली डोक्यावर गरगरत राहते.