रेशीम मार्ग

चीनमधील वेई नदीच्या खोऱ्यापासून मध्य आशियाची वाळवंटे आणि इराणचे पठार ओलांडून भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत गेलेल्या प्राचीन खुष्कीच्या वाटांचे जाळे. इ. स. पू. दुसऱ्या शतकापासून साधारण पंधराव्या शतकापर्यंत या वाटा कधी भरभरून वाहत्या, तर कधी ओस होत्या. फेर्डिनांट फोन रिख्टहोफेन या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १८७७ मध्ये प्रचारात आणलेल्या नावामुळे एकच लांबलचक सडक डोळ्यांपुढे येते. तशी सडक कधीच नव्हती. माल एका पेठेतून पुढच्या पेठेत, एका व्यापाऱ्याकडून दुसऱ्याकडे असा टप्प्याटप्प्याने सरके, आणि संपूर्ण वाट एकट्याने तुडवणारा माणूस विरळाच. म्हणूनच या मार्गाचा इतिहास मुख्यतः मधल्या माणसांचा आहे. दोन्ही टोकांच्या सम्राटांची नावे सर्वांना ठाऊक असतात; मधल्यांची फारशी कोणाला नसतात.

चांगआनहून (आजचे शीआन) निघालेली वाट दुनह्वांगला येई. तिथून पुढे तकलामकानचे वाळवंट. ते आडवे ओलांडणे म्हणजे मरण, त्यामुळे तांडे कडेकडेने जात. उत्तरेकडून तुर्फान, कुचा, आक्सू. दक्षिणेकडून मिरान, नीया, खोतान, यारकंद. ही सगळी गावे डोंगरांवरून वितळून येणाऱ्या बर्फाच्या पाण्यावर जगत. दोन्ही वाटा काशगरला मिळत, आणि पामीर ओलांडल्यावर समरकंद, बुखारा, मर्व, नीशापूर, हमदान, टेसिफॉन असे मुक्काम घेत पाल्मायरा आणि अँटिऑकपर्यंत पोहोचता येई. एक फाटा काराकोरमच्या खिंडींतून गिलगिटमार्गे सिंधूच्या खोऱ्यात उतरे, तर दुसरा बाल्खहून हिंदुकुश ओलांडून तक्षशिलेकडे येई.

या वाटांची सुरुवात व्यापारातून झाली असे सहसा समजले जाते, पण चीनच्या बाजूने पाहिले तर आधी युद्ध दिसते. श्योंग्नू या घोडेस्वार टोळ्यांविरुद्ध मित्र शोधण्यासाठी हान घराण्याचा सम्राट वू याने इ. स. पू. १३८ मध्ये चांग छ्येनला पश्चिमेकडे धाडले. श्योंग्नूंनी त्याला पकडून सुमारे दहा वर्षे अडकवून ठेवले. सुटून तो बॅक्ट्रियाला (आजच्या उत्तर अफगाणिस्तानाचा भाग) पोहोचला तेव्हा तिथल्या बाजारात त्याला नैर्ऋत्य चीनमधले कापड आणि बांबूच्या काठ्या दिसल्या. त्या भारतातून आणल्याचे व्यापाऱ्यांनी सांगितले. म्हणजे राजदूताच्या आधी माल तिथे पोहोचला होता, तोही वेगळ्याच वाटेने. पुढे घोड्यांसाठी हान सैन्याने मध्य आशियातल्या फरगाना खोऱ्यावर स्वारी केली (इ. स. पू. १०४–१०१) आणि दुनह्वांगच्या पलीकडे ठाणी बसवली. या ठाण्यांवरच्या शिपायांचा पगार रेशमाच्या ताग्यांत दिला जाई. टोळ्यांना शांत ठेवण्यासाठी दिलेल्या नजराण्यांतही रेशीमच असे. मध्य आशियात रेशीम आले ते मोठ्या प्रमाणात असे, पगार आणि खंडणी म्हणून. बाजारात ते नंतर फिरले.

दुसऱ्या टोकाला रोममध्ये रेशमाचे वेड होते. भारत, चीन आणि अरबस्तान दरवर्षी साम्राज्याचे दहा कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) खेचून नेतात, अशी तक्रार प्लिनी या रोमन लेखकाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नोंदवली आहे. तरीही या दोन साम्राज्यांची थेट ओळख झाली नाही. इ. स. ९७ मध्ये चिनी सेनापती बान चाव याने गान यिंगला रोमकडे पाठवले. तो पश्चिमेच्या समुद्रापर्यंत पोहोचलाही, पण तिथल्या पार्थियन (त्या काळी इराणवर राज्य करणाऱ्या साम्राज्याच्या) खलाशांनी त्याला सांगितले की समुद्र पार करायला दोन-दोन वर्षे लागू शकतात आणि घराच्या ओढीने माणसे झुरून मरतात. गान यिंग परतला. नफा पार्थियन दलालांच्या हातातच राहिला.

सोग्दियन व्यापारी : चौथ्या ते आठव्या शतकांत या वाटांवर सर्वांत ठळक दिसतात ते समरकंद-बुखाराकडचे सोग्दियन. त्यांचे साम्राज्य कधीच नव्हते. होते ते गावोगावी वसलेले भाऊबंद आणि पत. मूल जन्मले की ते त्याच्या जिभेला मध लावतात आणि तळहातावर गोंद, म्हणजे बोलणे गोड राहावे आणि हाती आलेले नाणे सुटू नये, असे चिनी इतिहासग्रंथ सांगतात. तुर्फानमध्ये सापडलेल्या सातव्या शतकातील बाजारकराच्या नोंदींत सोने, चांदी, पितळ, सुगंधी द्रव्ये, नवसागर आणि रेशमी सूत यांचे सौदे आहेत, आणि खरेदी-विक्री करणाऱ्यांची नावे बहुतांश सोग्दियन आहेत.

त्यांचा आवाज आपल्यापर्यंत थेट पोहोचतो तो एका हरवलेल्या टपालामुळे. १९०७ मध्ये पुरातत्त्व संशोधक ऑरेल स्टाइन यांना दुनह्वांगजवळच्या पडक्या टेहळणी बुरुजात कागदावरची सोग्दियन पत्रे सापडली. ती सुमारे ३१३ सालची असून मालकांपर्यंत कधी पोहोचलीच नाहीत. एका पत्रात नानै-वंदक नावाचा अडत्या समरकंदच्या धन्याला चीनची राजधानी लोयांग जळाल्याची, दुष्काळाची आणि सम्राट पळाल्याची बातमी कळवतो, आणि त्याच कागदावर कस्तुरीचा हिशोबही देतो. दुसरे पत्र मिवनै या स्त्रीचे आहे. नवऱ्याने तिला मुलीसह दुनह्वांगमध्ये सोडून दिले होते. माहेरच्यांचा शब्द मोडून ती त्याच्याबरोबर आली होती. तुझी बायको होण्यापेक्षा कुत्र्याची किंवा डुकराची झाले असते तर बरे, असे ती त्याला लिहिते. मालाच्या याद्यांमधून जे कधी कळले नसते ते या चार ओळींत कळते.

सिंधूच्या वरच्या खोऱ्यात शतियाल येथे खडकांवर शेकडो सोग्दियन लेख कोरलेले आहेत. बहुतेक लेखांत फक्त नावे आहेत. त्यांतला एक जण, तोही नानै-वंदक नावाचाच पण वेगळा, तिथल्या देवस्थानाकडे मागणे मागतो की मला लवकर पुढे पोहोचव आणि भाऊ सुखरूप भेटू दे.

सोग्दियनांची राजकीय वजनदारीही लहान नव्हती. सहाव्या शतकात मानियाख हा सोग्दियन मध्य आशियातल्या तुर्कांच्या वतीने रेशीम विकण्याची परवानगी मागायला इराणला गेला. खुस्रो राजाने तो सगळा माल विकत घेतला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत जाळून टाकला. मग मानियाखने तुर्कांना बायझंटाइन (पूर्व रोमन) सम्राटाशी थेट बोलणी करायला लावली आणि इ. स. ५६८ च्या सुमारास स्वतःच कॉन्स्टँटिनोपल गाठले. इराणला वगळण्यासाठी केवढा हा वळसा!

मालाबरोबर माणसे, देव आणि ग्रंथ आले. कुचाचा कुमारजीव, ज्याचे वडील काश्मीरकडचे, ४०१ मध्ये चांगआनला नेण्यात आला आणि त्याची बौद्ध सूत्रांची चिनी भाषांतरे आजही वाचली जातात. ह्युएन त्संग ६२९ च्या सुमारास भारताकडे निघाला तेव्हा तुर्फानच्या राजाने त्याला वाटेतल्या राजांसाठी २४ पत्रे दिली, प्रत्येकासोबत रेशमाचा एक तागा. हाच यात्रेकरू पुढे महाराष्ट्रात आला. इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमान सोडत नाहीत, असे त्याने लिहिले, तसेच पुलकेशी राजाच्या सामर्थ्याचीही नोंद केली.

दख्खनचा या वाटांशी त्याआधीही संबंध होता. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक प्रवासग्रंथ सांगतो की चिनी रेशीम बॅक्ट्रियामार्गे भडोचला येई, आणि त्याच भडोचला पैठण व तेरचा माल गाड्यांतून जाई. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतला गडद निळा रंग लाजवर्दाचा आहे. हा दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येई.

तंत्रे मात्र मालापेक्षा सावकाश सरकली. ७५१ मध्ये अरब आणि चिनी सैन्यांत झालेल्या तलास लढाईत पकडलेल्या चिनी कैद्यांनी कागद पश्चिमेला नेला ही गोष्ट फार सांगितली जाते, पण सोग्दियन व्यापारी त्याच्या चार शतके आधीपासून कागदावर पत्रे लिहीत होते. कौशल्य बाजारातूनच हळूहळू पसरले असणे अधिक संभवते. रेशीमकिड्यांची अंडी सहाव्या शतकाच्या मध्यास काही साधूंनी लपवून बायझंटाइन सम्राट जस्टिनियनकडे पोहोचवली.

मंगोल राजवटीत, तेराव्या-चौदाव्या शतकांत, वाटा पुन्हा सुरक्षित झाल्या. त्याच काळात प्लेगही फिरला : किर्गिझस्तानमधील इसिक-कुलजवळ १३३८-३९ मध्ये पुरलेल्या मृतदेहांत त्या जंतूचे अवशेष सापडले आहेत. पुढे मंगोल सत्ता फुटली आणि मोठा व्यापार जहाजांकडे वळला.

दुनह्वांगच्या बंद गुहेतले ग्रंथ १९०० मध्ये सापडल्यावर लंडन, पॅरिस अशा शहरांत विखुरले. मिरानच्या भित्तिचित्रांसह स्टाइन यांच्या संग्रहाचा मोठा वाटा नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. या जाळ्याचा चांगआन–तियान शान पट्टा २०१४ मध्ये आणि समरकंदकडील जरफशान–काराकुम पट्टा २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला.