भरडा वाढवून फॅट वाढत नाही

"दुधाला फॅट लागत नाही? भरडा वाढव की!" सांगली जिल्ह्यात वाळव्याकडच्या डेअऱ्यांवर हा भरडलेलं धान्य जास्त घालायचा सल्ला वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे.

दुधातली निम्मी फॅट चाऱ्याच्या जोरावर बनते. वैरणीतला तंतू गाईच्या पोटात आंबतो, त्यातून अ‍ॅसिटिक आम्ल तयार होतं आणि कास त्याचीच फॅट करते. मक्याचा भरडा भसाभस घातला की पोटात आम्लता वाढते, रवंथ कमी होतो. दूध थोडं वाढेलही, पण फॅट उतरते. दुपारी गोठ्यात जाऊन बघा. बसलेल्या गाईंपैकी निम्म्यासुद्धा रवंथ करत नसतील, तर आधी कडबा कुट्टी वाढवा.

जातीचंही आहेच. एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाईची फॅट ३.५ टक्क्यांच्या आसपास, जर्सी गाईची ४.५ ते ५, म्हशीची ७. एचएफला पेंड चारून तिची जर्सी होत नाही. पुढच्या पिढीची फॅट कोणत्या वळूचं रेतन केलं त्यावर ठरते.

आणि धार पूर्ण काढा. पहिल्या धारेत फॅट जेमतेम १-२ टक्के असते, शेवटच्या पिळांत त्याच्या कित्येक पट. डेअरीची गाडी गाठायच्या घाईत नेमकं तेच दूध कासेत राहतं.