कानाचे ड्रॉप्स : ‘मागचेच द्या’ म्हणण्याआधी वाचा

पाऊस लागला की आमच्या नौपाड्यातल्या औषधांच्या दुकानात रोज एक बोलणं होतंच. कान ठणकतोय, डॉक्टरांची चिठ्ठी नाही, पण गेल्या वर्षीची बाटली आहे. तेच ड्रॉप्स द्या. आम्ही नाही म्हणतो, गिऱ्हाईक रागावतं, मागे रांग खोळंबते.

कानाची पाळी ओढली किंवा कानाच्या तोंडाशी दाबलं की कळ येत असेल, तर दुखणं सहसा बाहेरच्या नळीचं असतं. औषध मात्र कारणावर ठरतं. जंतू असतील तर सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ओफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक. सूज फार असेल तर जोडीला स्टिरॉइड. खाज जास्त, आत भिजल्या कागदासारखा थर, त्यावर काळे ठिपके, ही बहुधा बुरशी. तिला क्लोट्रिमॅझोल लागतं. तिथे मागचे अँटिबायोटिक-स्टिरॉइडचे ड्रॉप्स घातले तर बुरशी उलट फोफावते. मळ मऊ करणारे ड्रॉप्स तर यातल्या कशावरच नाहीत. शिवाय पडद्याला भोक असेल तर निओमायसिन, जेंटामायसिन ही अँटिबायोटिक्स आतल्या कानाला इजा करू शकतात. बाटल्या सगळ्या सारख्याच दिसतात, आणि कानात काय आहे ते डॉक्टरांनी आत बघितल्याशिवाय कळत नाही. अँटिबायोटिक किंवा स्टिरॉइडचे कानाचे ड्रॉप्स शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत येतात, म्हणून चिठ्ठी मागावीच लागते.

‘त्यापेक्षा गोळी द्या’ असंही म्हणतात. थेंबातून औषध दुखऱ्या जागी गोळीपेक्षा कितीतरी जास्त पोहोचतं. साध्या दुखण्यात अँटिबायोटिक गोळी बहुधा लागतच नाही.

मात्र थेंब टाकून लगेच उठू नका, औषध उशीत जातं. बाटली आधी मुठीत धरून कोमट करा, थंड थेंबांनी गरगरतं. कुशीवर झोपा, मोठ्या माणसाचा कान वर आणि मागे ओढा, थेंब टाका, कानाच्या तोंडाशी असलेला उंचवटा हलके दाबत राहा आणि पाच मिनिटं तसेच पडून राहा. बड्स, गरम तेल नको. अंघोळीला व्हॅसलिन लावलेला कापूस कानात ठेवा.

तीन दिवसांत उतार नसेल तर पुन्हा डॉक्टरांकडे जा. मधुमेह असेल आणि ठणक्याने रात्री झोप लागत नसेल, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

चिठ्ठीचा स्पष्ट फोटो दुकानाच्या व्हॉट्सॲपवर पाठवा, बाटली काढून ठेवतो. पावसात निघणं जमत नसेल तर घरपोच देतो. चिठ्ठी तेवढी आमच्या माणसाला दाखवा. बाटलीवर उघडल्याची तारीख घाला. महिन्यानंतर उरलेलं औषध फेकून द्या, पुढच्या पावसासाठी ठेवू नका.