गेटमनला दिसते ते रुळांना कसे कळावे?

ठाण्यापलीकडच्या दिवा स्थानकाजवळच्या रेल्वे फाटकापाशी सकाळच्या वेळी थांबावे लागले, की शेजारच्या रिक्षातून एक वाक्य हमखास ऐकू येते : "चंद्रावर यान उतरवतात, आणि इथे साधे फाटक अजून माणूस पाडतो!" भोंगा वाजत असतो, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा दांडा खाली येऊ लागलेला असतो, त्याच्याखालून दोन मोटरसायकली मान वाकवून निसटतात आणि त्यांच्या मागोमाग घुसलेली रिक्षा पुढच्या कोंडीमुळे नेमकी दांड्याखाली अडकते. गेटमन दांडा मध्येच थांबवतो, खिडकीतून ओरडतो, हातवारे करतो. रिक्षा वीतभर पुढे सरकते, दांडा पुन्हा उतरू लागतो, आणि तो पूर्ण आडवा होऊन कुलूपबंद झाल्यानंतरच सिग्नलपाशी खोळंबलेल्या लोकलला वाट मिळते. हे सारे पाहणाऱ्याला वाटते, की या व्यवस्थेत माणूस हाच तेवढा जुनाट भाग उरला आहे. मलाही पूर्वी तसेच वाटे. परंतु आपोआप पडणारे फाटक कसे चालते हे नीट समजून घेतले, तेव्हा त्या खिडकीतला माणूस नेमके कोणते काम करतो हे ध्यानात आले.

आपोआप चालणारे फाटक ही मुळात नवी गोष्ट नव्हे. त्याच्या गाभ्याशी असलेली कल्पना विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन संशोधकाची असून तिचे पेटंट १८७२ चे आहे, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे ही आपली पहिली प्रवासी गाडी धावल्यानंतर अवघ्या एकोणीस वर्षांनी ती कागदावर उतरली होती. रॉबिन्सनची आधीची रचना कोणालाही सहज सुचेल अशी होती : गाडी आली की विजेचा प्रवाह सुरू व्हावा आणि त्यातून इशारा मिळावा. तिच्यातला दोष त्याच्या लवकरच लक्षात आला. तार तुटली किंवा बॅटरी उतरली तर गाडी आली तरी प्रवाह सुरू होणार नाही, आणि इशारा न मिळाल्यामुळे सारे आलबेल आहे असेच सगळे समजतील. म्हणून त्याने मांडणी उलटी केली.

या उलट्या मांडणीत रुळांचा ठरावीक लांबीचा एक पट्टा दोन्ही टोकांना विद्युतरोधक सांधे घालून उरलेल्या रुळांपासून वेगळा केला जातो. पट्ट्याच्या एका टोकाला कमी दाबाचा वीजपुरवठा आणि दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे विद्युतचुंबकावर चालणारा एक स्विच, जोडलेला असतो. वीज एका रुळातून जाते, रिलेमधून फिरते आणि दुसऱ्या रुळातून परत येते. जोवर ती फिरते आहे तोवर चुंबक स्विचला धरून ठेवतो आणि फाटक उघडे राहते. गाडीचे पहिले चाक पट्ट्यावर आले, की तिच्या दोन चाकांमधला पोलादी आस दोन रुळांना थेट जोडतो, प्रवाह त्या जवळच्या वाटेने परततो, रिले उपाशी राहून गळून पडतो आणि फाटकाला बंद होण्याची आज्ञा मिळते. आमच्या सोसायटीचा रात्रपाळीचा गुरखा दर तासाला काठी आपटून शिटी वाजवतो. ती शिटी ऐकू येते तोवर लोक निर्धास्त झोपतात, आणि एखाद्या रात्री ती वाजली नाही तर चोर आला, गुरखा आजारी पडला की नुसता झोपला हे कळायच्या आधीच घरातले म्हातारे उठून खिडकीशी येतात. रॉबिन्सनच्या या मंडलाचेही, म्हणजे विजेच्या सर्किटचेही, तसेच आहे. गाडी येवो, तार तुटो, रूळ तडको की बॅटरी मरो, शिटी थांबली की फाटक बंद.

ठाण्या-कल्याणच्या माणसाला या तत्त्वाचा अनुभव दर पावसाळ्यात येतो. रुळांवर पाणी चढते तेव्हा खडीतून वीज एका रुळाकडून दुसऱ्याकडे झिरपू लागते, रिलेला पुरेसा प्रवाह पोहोचत नाही आणि गाडी नसतानाही पट्टा 'व्यापलेला' दिसू लागतो. सिग्नल लाल होतो आणि फलाटावर तांत्रिक बिघाडाची उद्घोषणा होते. तो बिघाड खराच असतो, परंतु यंत्रणा ठरवलेल्या बाजूला बिघडलेली असते. भीती उलट प्रकारच्या बिघाडाची असते. रुळाच्या माथ्यावर गंज किंवा वाळूचा थर बसला, तर चाक आणि रूळ यांच्यामध्ये वीज नीट वाहत नाही आणि प्रत्यक्षात उभी असलेली गाडी मंडलाला दिसतच नाही. आपल्याकडे आणखी एक गुंतागुंत आहे : लोकलच्या मोटरांना पुरवलेली वीज परतते तीही याच रुळांमधून. मुंबई परिसरात १९२५ पासून १,५०० व्होल्टचा एकदिश (डीसी) प्रवाह वापरात होता आणि मध्य रेल्वेने २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहाकडे जाण्याचे काम २०१६ मध्ये पूर्ण केले. ओढीचा, म्हणजे गाडीच्या मोटरांचा, प्रवाह एकदिश असेल तेथे रुळांवरच्या मंडलाला प्रत्यावर्ती प्रवाह आणि ओढीचा प्रवाह प्रत्यावर्ती असेल तेथे मंडलाला एकदिश किंवा अगदी वेगळ्या वारंवारतेचा प्रवाह द्यावा लागतो, नाहीतर मंडलाला दुसऱ्याचीच शिटी स्वतःची वाटायची. या कटकटीतून सुटण्यासाठी आता बऱ्याच ठिकाणी रुळाशेजारी आस मोजणारी उपकरणे बसवतात. पट्ट्यात जितके आस शिरले तितकेच बाहेर पडले, तरच पट्टा रिकामा.

गाडी कळली, की पुढचा प्रश्न वेळेचा. अमेरिकेतील नियमानुसार गाडी फाटकावर पोहोचण्याच्या किमान २० सेकंद आधी इशारा सुरू व्हावा लागतो, दिवे लुकलुकू लागल्यानंतर किमान ३ सेकंद दांडा हलत नाही, आणि गाडी येण्याच्या किमान ५ सेकंद आधी तो पूर्ण आडवा झालेला असावा लागतो. वीज गेली तर दांडा आपल्याच वजनाने खाली येतो. इशारा देणारा बिंदू रुळावर एकाच जागी असेल, तर वेगवान एक्सप्रेससाठी पुरेशी ठरणारी वेळ संथ मालगाडीसाठी कैक मिनिटांची होते, लोक कंटाळतात आणि दांड्याला वळसा घालून जाऊ लागतात. म्हणून तिकडच्या सुधारित यंत्रणा गाडी जवळ येताना रुळांच्या विद्युत रोधात होणारा बदल किती झपाट्याने होतो आहे हे मोजतात, त्यावरून वेगाचा अंदाज बांधतात आणि प्रत्येक गाडीला जवळपास सारखाच अवधी देतात. गाडी अलीकडच्या स्थानकात थांबली तर हे गणित तेही ओळखते आणि दांडा वर घेते.

इथपर्यंत सारे सुरेख आहे. मात्र या संपूर्ण वर्णनात रस्त्याचा उल्लेख कुठेच आलेला नाही. गाडी येते आहे हे यंत्र रस्त्याला सांगते; रस्त्यावर काय अडकले आहे, हे गाडीला कोण सांगणार?

या प्रश्नाचे उत्तर नसले तर काय होते, हे इंग्लंडमध्ये ६ जानेवारी १९६८ रोजी दिसले. त्या देशात १९६१ पासून अर्ध्या दांड्याची स्वयंचलित फाटके बसू लागली होती. अर्धा दांडा म्हणजे रस्त्याची फक्त येणारी बाजू अडवणारा. जाणारी बाजू मोकळी ठेवतात, म्हणजे आत सापडलेले वाहन बाहेर पडू शकते. स्टॅफर्डशायरमधील हिक्सन गावाजवळच्या अशाच एका फाटकावर १२० टन वजनाचा ट्रान्सफॉर्मर वाहून नेणारे, सुमारे ४५ मीटर लांबीचे वाहन पोलिसांच्या गाडीमागून ताशी जेमतेम ३ किलोमीटर वेगाने रूळ ओलांडू लागले. त्याला ओलांडून जायला जवळजवळ एक मिनिट लागणार होते आणि इशारा मिळाल्यापासून गाडी येईपर्यंतचा अवधी होता २४ सेकंदांचा. भोंगा वाजला, दिवे लागले, दांडा उतरला. यंत्रणेने तिला नेमून दिलेले प्रत्येक काम वेळेत केले आणि मँचेस्टरहून लंडनकडे निघालेली एक्सप्रेस त्या वाहनावर आदळून ११ जण दगावले. फाटकापाशी सिग्नलघराशी बोलण्याचा दूरध्वनी होता, पण संथ वाहनाने आधी तो वापरायचा असतो हे चालकमंडळींना ठाऊक नव्हते.

आपल्याकडच्या गेटमनच्या फाटकात नेमकी ही दुसरी बाजू सांभाळलेली आहे. फाटक आणि सिग्नल एकमेकांत गुंतवलेले असतात : दांडे पूर्ण पडून कुलूप लागल्याखेरीज गाडीला सिग्नल मिळू शकत नाही, आणि एकदा सिग्नल दिला की दांडा वर घेता येत नाही. गाडी जवळ आलेली असताना गेटमनने सिग्नल परत लाल केला, तरी कुलूप ताबडतोब सुटत नाही. साधारण दोन मिनिटे थांबावे लागते, म्हणजे तेवढ्यात गाडी एकतर थांबलेली असते किंवा निघून गेलेली असते. ट्रकने धडक देऊन दांडा मोडला, तर आडवा सरकवायचा राखीव दांडा लावून आणि त्याला कुलूप घालून सिग्नल पुन्हा मिळवता येतो. या साखळीतील प्रत्येक कडी यंत्राची आहे, फक्त पहिली सोडून. 'आत कोणी नाही' ही खात्री माणूस डोळ्यांनी करतो. जानेवारी २०१९ पर्यंत ब्रॉडगेजवरील मानवरहित फाटके रेल्वेने काढून टाकली, ती याच कडीच्या अभावामुळे. त्या फाटकांवर रस्त्याची खबर गाडीला देणारे कोणी नव्हते आणि गाडीची खबर रस्त्याला द्यायला होती फक्त इंजिनाची शिटी, जिची आठवण चालकाला करून द्यायला सुमारे ६०० मीटर अलीकडे 'सी/फा' (सीटी/फाटक) अशी पिवळी पाटी असे.

अर्थात या रचनेची किंमत गाडीला मोजावी लागते. स्वयंचलित फाटकात गाडी कधी थांबत नाही, थांबतो तो रस्ता. गुंतवलेल्या फाटकात एक अडकलेली रिक्षा मागच्या तीन लोकलना उशीर करू शकते. मग दिव्याला स्वयंचलित फाटक बसवले तर? साधा हिशोब करून पाहू. बारा डब्यांची लोकल सुमारे २६० मीटर लांब असते. ताशी ६० किलोमीटर वेगाने तिला फाटक ओलांडायला १६ सेकंद लागतात. इशाऱ्याचे ३० सेकंद आणि दांडा वर जायचे १० सेकंद धरले, तर एका गाडीमागे जवळपास एक मिनिट गेले. चार मार्गांवर दर चार मिनिटांनी एकेक गाडी धरली, तर तासाला ६० गाड्या होतात, आणि तासाची मिनिटेही तेवढीच. दोन गाड्या एकाच वेळी गेल्या तर थोडी फट पडेल, पण ती केव्हा पडेल हे यंत्राच्या हातात नाही. शिवाय २०२२ पासून ठाणे ते दिवा टप्प्यावर आणखी दोन मार्ग आहेत. ते फाटक एकदा पडले, की गर्दीच्या वेळेत क्वचितच उठेल.

जपानी लोकांनी हा अनुभव घेतलेला आहे. तेथे गर्दीच्या तासात ४० मिनिटे किंवा त्याहून अधिक काळ बंद राहणाऱ्या स्वयंचलित फाटकांना 'अकाझु नो फुमिकिरी', म्हणजे 'न उघडणारे फाटक', असे नावच पडले आहे. तरीही फाटकाला डोळे देण्याचे काम जपानने फार आधीपासून केले. रुळांवर आडव्या प्रकाशशलाका किंवा लेझर सोडून आत अडकलेले वाहन ओळखतात आणि दूरवर धोक्याचे दिवे लावून चालकाला कळवतात. शेजारच्या खांबावर कोणीही दाबावे असे आणीबाणीचे बटणही असते. ब्रिटनने काही फाटकांवर रडार बसवले, आणि जमिनीलगत पडलेली व्यक्ती रडारच्या नजरेतून सुटू नये म्हणून त्याच्या जोडीला लेझरने अंतर मोजणारे लायडार दिले. तेथे आतली जागा मोकळी असल्याची खात्री या उपकरणांनी दिली, तरच गाडीला सिग्नल मिळतो. म्हणजे गेटमनची ती पहिली कडी यंत्राने उचलली आहे.

पण पाहणे आणि थांबवणे यांत अंतर आहे, अगदी मीटरमध्ये मोजण्याजोगे. पोलादी चाक पोलादी रुळावर टायरसारखे धरत नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणाऱ्या लोकलला चांगले ब्रेक लागले तरी थांबायला अर्धा किलोमीटर लागू शकतो. योकोहामामध्ये ५ सप्टेंबर २०१९ रोजी एक ट्रक फाटकात अडकला, उपकरणाने तो ओळखला, धोक्याचे दिवेही लागले. तरी वेगवान गाडी वेळेत थांबली नाही आणि ट्रकचालक दगावला. अडथळा गाडीला सिग्नल देण्याआधी ओळखला तरच निभावते, नंतर ओळखला तर बरेच काही नशिबावर राहते. त्यात माणसाचे डोळेही दगा देतात : मोठी वस्तू आपल्याला आहे त्याहून संथ भासते. हर्शेल लायबोविट्झ या मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये रेल्वे फाटकांवरील अपघातांच्या संदर्भात हे मांडले होते. दांड्याखालून वाकून जाणाऱ्याला 'अजून लांब आहे' असे का वाटते, त्याचे बरेचसे उत्तर यात आहे. उरलेले उत्तर घड्याळात असते.

दिव्यासारख्या ठिकाणी म्हणूनच रडार की गेटमन हा वाद मला दुय्यम वाटतो. रडार रिक्षा ओळखेल, पण तिच्या पुढची कोंडी फोडणार नाही. तासाची मिनिटे तर कोणीच वाढवू शकत नाही. वाशी, नेरूळ, बेलापूर येथे रेल्वे आणि शहर एकाच आराखड्यात आले, त्यामुळे रस्ते रुळांच्या खालून किंवा वरून गेले आणि तिकडच्या मुलांना फाटक पडणे म्हणजे काय ते गावी गेल्यावरच कळते. जुन्या मार्गावर मात्र पूल मागाहून घुसवावा लागतो. कळव्याच्या खारेगाव फाटकावरचा उड्डाणपूल २०२२ च्या जानेवारीत खुला झाला. असा पूल कुठे बांधायचा हे ठरवताना रेल्वे फाटकावरून चोवीस तासांत जाणाऱ्या गाड्यांची संख्या आणि रस्त्यावरच्या वाहनांची संख्या यांचा गुणाकार करते, आणि तो १ लाखाच्या पुढे गेला की खर्चाच्या वाटणीसह पुलाचा विचार होतो. या मोजणीत मोटार एक धरतात, बैलगाडीही एक धरतात. दांड्याखाली अडकून तीन लोकल थांबवणारी रिक्षा मात्र अर्धी धरतात.