बर्क आणि हायेक, दोघांना एकाच पोत्यात भरू नका

सांगलीत पॉलिटिकल सायन्स घेऊन स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरांच्या नोट्स बघितल्या की एक ओळ हमखास सापडते, "उजवे विचारवंत: बर्क, हायेक". झालं, विषय संपला. पण हायेकनं स्वतः १९६० च्या 'कॉन्स्टिट्यूशन ऑफ लिबर्टी'च्या शेवटी अख्खं टिपण लिहिलंय, 'मी कॉन्झर्व्हेटिव्ह (म्हणजे जुनं जपणारा) का नाही' म्हणून, आणि तरीपण आपण त्याला त्याच रांगेत बसवतो.

गोंधळ होतो त्याला कारण आहे म्हणा. दोघांनाही एकाच गोष्टीची चीड, कागदावर नकाशा काढून अख्खा समाज नव्यानं बांधायला निघालेल्या हुशार माणसांची. एडमंड बर्क १७२९ चा, डब्लिनचा, ब्रिटिश पार्लमेंटात व्हिग पक्षाचा, म्हणजे राजाच्या सत्तेवर पार्लमेंटचा लगाम हवा म्हणणाऱ्यांचा. १७९० मधे त्यानं फ्रेंच क्रांतीवर पुस्तक लिहिलं, राजाराणीचा शिरच्छेद व्हायच्या आधी बरं का, आणि ही गडबड शेवटी कुठल्यातरी लष्करी सेनापतीच्या हातात जाणार हे सांगून ठेवलं. नेपोलियन आला की नंतर! त्याचं म्हणणं, समाज हा मेलेल्यांचा, जिवंत असलेल्यांचा आणि अजून जन्माला यायच्यांचा मिळून करार आहे, एका पिढीला तो मोडून टाकायचा हक्क नाही.

पण म्हणून बर्क सत्तेपुढं मान डोलावणारा होता असं समजू नका. अमेरिकेतल्या वसाहतींची बाजू त्यानं घेतली. आणि आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा इथला गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावरचा खटला. बनारसचा चेतसिंग, अवधच्या बेगमा, यांना कंपनीनं कसं पिळलं ते त्यानं लंडनमधे उभं राहून सांगितलं, खटला १७८८ ते १७९५ चालला, हेस्टिंग्ज सुटला शेवटी. इथल्या लोकांच्या जुन्या रीती, जुनी घराणी, जुने कायदे यांनाही तेवढाच मान आहे, हे त्या काळात इतक्या जोरात बोलणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

हायेक व्हिएन्नाचा, १८९९ चा, अर्थशास्त्रज्ञ, १९७४ चं नोबेल स्वीडनच्या गुन्नार मिर्दालबरोबर वाटून मिळालं. त्याचा मुद्दा ज्ञानाचा. कुणाला काय हवंय, कुठं काय कमी पडलंय ही माहिती लाखो डोक्यांत विखुरलेली असते, ती एका ऑफिसात गोळा होऊच शकत नाही, ते काम किंमत करते. १९४५ च्या लेखात त्यानं कथलाचं उदाहरण दिलंय, आपण हळदीचं घेऊ. तिकडं तमिळनाडूत इरोडला पीक कमी आलं की इथं सांगलीच्या मार्केट यार्डात सौद्याला दर चढतो, मिरजेकडच्या शेतकऱ्याला इरोडचं काहीएक माहीत नसलं तरी माल आत्ता काढायचा का थांबायचं हे त्या आकड्यावरनं त्याला ठरवता येतं.

आता फरक कुठं पडतो ते सांगलीजवळच्या हरिपूरला जाऊन बघा. तिथली हळदीची पेवं, जमिनीत खणलेली, तोंड बंद केलं की आत हळद वर्षानुवर्षं टिकायची. कुठल्या इंजिनिअरनं प्लॅन काढला नव्हता, ती माती ओल धरत नाही हे लोकांना अनुभवानं कळत गेलं. इथवर बर्क आणि हायेक दोघंही खूश. पण मग गोदामं आली, कोल्ड स्टोरेज आलं आणि पेवं ओस पडायला लागली. हायेक म्हणेल, कुणी जबरदस्ती केली नाही ना, मग जाऊद्या, नवीन काय येईल ते आधी कुणालाच सांगता येत नाही. बर्क थांबेल. पेवाबरोबर जी माणसं, जो विश्वास, जी देवघेव बांधलेली होती तिचं काय, हे आधी विचारेल. बर्कला वारसा जपायचाय, हायेकला बदलाची वाट मोकळी ठेवायचीय. कॉन्झर्व्हेटिव्ह लोकांवर हायेकचा मोठा राग हाच, की ते बदलाला घाबरतात आणि सत्ता आपल्या माणसाच्या हातात असली की तिच्यावर लगाम नको म्हणतात.

गंमत अशी की त्याच टिपणात हायेक स्वतःला 'ओल्ड व्हिग' म्हणवतो, आणि बर्कनं १७९१ मधे आपली बाजू मांडताना ह्याच जुन्या व्हिग लोकांचा आधार घेतला होता. म्हणजे नातं आहे, नाही असं नाही. बर्क बाजारपेठेच्या बाजूचाच होता, १७९५ च्या धान्यटंचाईत सरकारनं मजुरीचे दर ठरवू नयेत असं त्यानं लिहिलंय. इंग्रज तत्त्वज्ञ मायकेल ओकशॉटनं मात्र १९४७ मधेच हायेकला नेमकं पकडलं, नियोजनाला विरोध करायचा म्हणून बनवलेली योजना पण शेवटी योजनाच की!

वाचायला सुरुवात करणार असाल तर हायेकचं ते टिपण आधी घ्या, छोटंसं आहे, मग बर्कची हेस्टिंग्जवरची भाषणं. फ्रान्सवालं पुस्तक त्यानंतर हातात घेतलंत तर ते फक्त राजेशाहीची वकिली वाटणार नाही.