शेजारचा जल्लोष आधी का ऐकू येतो?

भारताचा सामना रंगात आलेला असताना आपण मोबाइलवर गोलंदाजाला धावत येताना पाहत असतो आणि तेवढ्यात शेजारच्या घरातून जल्लोष ऐकू येतो. चेंडू सीमापार जाणार हे आपल्याला तो पडण्यापूर्वीच कळते. ‘आपले नेट स्लो आहे’ हे यावरचे नेहमीचे उत्तर बहुतेक वेळा चुकीचे असते. उत्तम फायबर जोडणी असलेल्या घरातही हा विलंब वीस-तीस सेकंदांचा असू शकतो, कारण तो जोडणीच्या वेगापेक्षा प्रक्षेपणाच्या पद्धतीतून येतो.

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्या काळापासूनचे तत्त्व असे, की एक मनोरा सर्व दिशांना लहरी पाठवतो आणि त्या शंभर जणांनी टिपल्या काय किंवा एक कोटी लोकांनी टिपल्या काय, मनोऱ्याच्या कामात तिळमात्र वाढ होत नाही. या लहरींचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर असतो. सिंहगडावरील दूरदर्शनच्या मनोऱ्यापासून पुण्याचा मध्यभाग सरळ रेषेत सुमारे २० किलोमीटर आहे, म्हणजे लहर तिथे सेकंदाच्या पंधरा हजाराव्या भागात पोहोचते. डीटीएचसाठी हीच लहर विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असलेल्या उपग्रहापर्यंत जाऊन परत येते, तरी त्या प्रवासाला पाव सेकंद पुरतो. डिजिटल प्रक्रियेमुळे त्यात काही सेकंदांची भर पडते, इतकेच.

इंटरनेटवर मात्र प्रत्येक प्रेक्षकासाठी चित्रफितीची वेगळी प्रत पाठवावी लागते. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात डिस्ने प्लस हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. प्रत्येकाला सेकंदाला केवळ १ मेगाबिट माहिती पाठवली असे धरले, तरी एकूण प्रवाह सेकंदाला ५९ टेराबिट होतो. एवढा भार कोणताही एक संगणक पेलू शकत नाही. म्हणून प्रेक्षकांच्या जवळच्या शहरांत साठवण-संगणक ठेवलेले असतात आणि आपला मोबाइल त्यांच्याकडून प्रती घेतो. अखंड प्रवाहाची अशी साठवण करणे अवघड असते, तर छोट्या फाइलींची सोपी. त्यामुळे थेट प्रक्षेपणाचे तुकडे केले जातात, आणि विलंबाचे मूळ या तुकड्यांत आहे.

तुकडा कसा तयार होतो ते पाहू. १९२० गुणिले १०८० बिंदूंचे एक चित्र, प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी २४ बिट आणि सेकंदाला २५ चित्रे, असा हिशेब केला तर सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट होतात. ते सेकंदाला ५० लाखांवर आणायचे म्हणजे सुमारे २५० पट आकुंचन करायचे. दोन लागोपाठच्या चित्रांत गवत, खेळपट्टी आणि प्रेक्षागृह जवळजवळ तसेच राहते, म्हणून एक चित्र संपूर्ण पाठवून पुढच्या अनेक चित्रांसाठी केवळ बदललेला भाग आणि हालचालीची दिशा पाठवली जाते. काही चित्रे तर मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही चित्रांच्या आधाराने मांडली जातात, त्यामुळे ‘पुढचे’ चित्र येईपर्यंत संगणकाला थांबणे भाग पडते. मधूनच सामना पाहू लागलेल्या प्रेक्षकाकडे आधारासाठी मागचे काहीच नसते, म्हणून प्रत्येक तुकड्याच्या आरंभी एक संपूर्ण चित्र असावे लागते. संपूर्ण चित्र जागा फार घेते. तुकडे फार लहान केले तर आकुंचनाचा लाभच कमी होतो, आणि म्हणून ६ सेकंदांचा तुकडा हे रूढ माप झाले.

सहावे सेकंद टिपले जाईपर्यंत ६ सेकंदांचा तुकडा पूर्ण होत नाही. शिवाय प्रचलित पद्धतीच्या नियमानुसार मोबाइल अगदी ताज्या तुकड्यापासून सुरुवात न करता किमान तीन तुकड्यांइतका मागे राहतो. म्हणजे विलंब १८ सेकंदांचा झालाच, त्यात आकुंचनाचा आणि वाहतुकीचा वेळ मिळवायचा. हा राखीव साठा आवश्यक असतो. लोकलमध्ये नेटवर्क क्षणभर गेले तरी चित्र थांबत नाही ते त्याच्यामुळे, आणि तेवढ्या वेळात मोबाइल आधीचा तुकडा किती वेगाने आला हे मोजून पुढचा उच्च दर्जाचा मागवावा की कमी दर्जाचा हे ठरवतो.

महागडी ५जी जोडणी घेतली की विलंब नाहीसा होईल, हा समज त्यामुळे खरा नाही. तुकडा तयारच झालेला नसेल, तर तो कोणत्याही वेगाने येऊ शकत नाही. तुकड्याचेही सेकंदापेक्षा लहान भाग करून पाठवण्याच्या नव्या पद्धतींनी विलंब काही सेकंदांवर येतो, परंतु राखीव साठा घटल्यामुळे चित्र अडखळण्याची शक्यता वाढते.

खुर्ची बदलली की गडी बाद होतो असे मानणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे, की पडद्यावर चेंडू पडण्यापूर्वीच मैदानावर त्याचा निकाल लागून गेलेला असतो. पुढच्या सामन्याच्या वेळी एकाच खोलीत डीटीएचचा टीव्ही आणि दोन मोबाइल शेजारी ठेवून सेकंद मोजावेत. दोन्ही मोबाइलवर अ‍ॅप तेच आणि वाय-फाय तेच असले, तरी त्यांच्यातही अनेकदा काही सेकंदांचे अंतर आढळेल, कारण प्रत्येकाने आपला साठा वेगळ्या क्षणी भरायला घेतलेला असतो.