टोमॅटोचे रानटी भाऊबंद आणि किडींचा प्रतिकार : रोपे नेणाऱ्या शेतकरी बांधवांसाठी माहिती

वाण विषाणूला प्रतिकारक असताना पांढऱ्या माशीसाठी फवारणी कशाला, असे आपल्यापैकी अनेकजण रोपांची नोंदणी करताना विचारतात. प्रश्न रास्त आहे. बोकड्याला, म्हणजे पांढरी माशी पसरवत असलेल्या पाने गुंडाळणाऱ्या विषाणू रोगाला, तोंड देणारी ‘टीवाय’ जनुके सोलॅनम चिलेन्से आणि सोलॅनम हॅब्रोकायटिस अशा रानटी टोमॅटोंकडून आली आहेत. ती झाडातील विषाणूची वाढ रोखतात, माशीला मात्र रोखत नाहीत. माशी रस शोषतच राहते.

किडीलाच अटकाव करणारा गुण वेगळा आहे आणि तो पानावरच्या लवेत दडलेला आहे. पेरूच्या कोरड्या भागात वाढणाऱ्या सोलॅनम पेनेलीच्या पानांवरील बारीक ग्रंथी ॲसिलशुगर नावाचा चिकट द्रव स्रवतात, त्यामुळे पांढरी माशी तेथे फारशी टिकत नाही आणि अंडीही कमी घालते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने हा गुण लागवडीच्या टोमॅटोत आणण्यासाठी अनेक वर्षे काम केले आहे. २०१४ मध्ये महाराष्ट्रात आढळलेली टुटा नागअळी (टोमॅटोची पाने व फळे पोखरणारी अळी) मूळची दक्षिण अमेरिकेचीच असून, तिच्याविरुद्धही याच लवेचा उपयोग ब्राझीलमधील संशोधकांनी अभ्यासला आहे.

मग असे वाण बाजारात सहज का मिळत नाहीत? पेनेलीचे फळ लहान असते आणि पिकल्यावरही हिरवेच राहते. संकरानंतर चांगल्या वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करावा लागतो. प्रत्येक पिढीत रानटी वाटा सरासरी निम्म्याने घटतो आणि असे सहा संकर झाल्यावर तो एक टक्क्याच्या आत येतो. परंतु हा गुण एका जनुकाचा नसून अनेकांचा आहे, त्यामुळे त्यातील एखादे जनुक मध्येच निसटले की द्रव कमी पडतो, आणि हव्या जनुकाला चिकटून नको असलेले गुणही येतात.

ट्रायकोकार्ड (किडींची अंडी नष्ट करणाऱ्या ट्रायकोग्रामा या मित्रकीटकाचे कार्ड) वापरणाऱ्यांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. हॅब्रोकायटिसच्या दाट, विषारी स्रावाच्या लवेत ट्रायकोग्रामासारखे मित्रकीटकही अडकतात, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणून केवळ लव जास्त म्हणजे वाण चांगला, असे आम्ही मानत नाही.

आमच्याकडील सध्याचे वाण विषाणूला प्रतिकारक आहेत, किडींना नाहीत. म्हणूनच रोपे आम्ही कीटकरोधक जाळीत वाढवतो. लागवडीनंतर आपण पिवळे चिकट सापळे लावावेत आणि पानांची खालची बाजू नियमित तपासावी, ही विनंती.